‘थांब’ म्हणणे आणि दार लावणे

पन्नाशीच्या संसारी माणसाने घरचे कर्तव्य टाकून भजनास जावे काय? सज्जनहो, मी हा हिशेब सहा वर्षे केला. आईचे अंथरूण, मुलीची फी, कचेरी. आधी वारी सुटली, मग एकादशीचे भजन, मग पारावरचे बसणेही. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायचे राहून जाई. कोणी विचारले की मी म्हणत असे, “पुंडलिकाने देवालाही थांबवलेच ना!” म्हणताना थोडा अभिमानही वाटे, खोटे कशाला बोलू?

पण कथा नीट पाहावी. पुंडलिकाने वीट फेकली ती देवाला उभे राहायला. तो ‘थांब’ म्हणाला, ‘जा’ म्हणाला नाही. आईबापांचे पाय चेपताना पाहुणा त्याच्या दारातच होता. मी मात्र दार लावून घेतले आणि त्यालाच सेवा म्हटले.

एकटेपण शरीरालाही पोखरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात त्यापायी जगात वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होत असल्याचा अंदाज आहे. सेवा करणाराच आडवा झाला, तर आईला कूस कोण बदलून देणार?

नामाला सोबत कशाला, असे कोणी म्हणेल. मग दिंडी तरी कशाला? अन् टाळकरी दिसेनासा झाला, तर त्याची चौकशी करणे दिंडीकडे लागत नाही काय?

गेल्या एकादशीला चौघे आमच्याच ओसरीवर बसले. आईने पडल्यापडल्या टाळी धरली. येताना एकाने माझ्या गोळ्याही आणल्या होत्या.