घाटातला वाटाड्या

बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ साली. त्याआधी सात वर्षं हा घाट फोडायचं काम चाललं होतं. पंचवीस बोगदे खणायचे होते. कडा सरळ तुटलेला असे, तिथे मजुरांना कमरेला दोर बांधून खाली सोडत. तसंच लोंबकळत ते सुरुंगासाठी भोकं पाडत. मजूर देशावरून आले, कोकणातून आले. साहेब लोक विलायतेहून आले.

या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. गाडीवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. शिंग्रोबा धनगराने साहेबाला घाटातून वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं लोक सांगतात. परक्यावर विश्वास टाकण्याची किंमत या घाटाला चांगली ठाऊक आहे. आपली गोष्ट मात्र दुसऱ्या साहेबाची आणि दुसऱ्या धनगराची.

हा साहेब वयाने तरुण होता. मोजणीची साखळी, दुर्बीण आणि कोरे कागद घेऊन तो खंडाळ्याला आला आणि त्याने तंबू ठोकला. आपल्या गावी कोणावर विश्वास ठेवायचा, हे त्याला कधी शिकावं लागलं नव्हतं. हा अमक्याचा मुलगा, तो वडिलांचा जुना मित्र, एवढं कळलं की भागत असे. इथे तो कोणाचा कोणी नव्हता.

एकदा तो राजमाचीच्या वाटेला लागला. शेतात एक शेतकरी नांगर धरून उभा होता. साहेबाने खुणेने विचारलं, “किती लांब?”

शेतकरी हसून म्हणाला, “ही काय, टेकाडामागं.”

साहेब चालत राहिला. एक टेकाड गेलं, दुसरं गेलं, दिवस मावळला. रात्री त्याने वहीत लिहिलं, ‘इथली माणसं खोटं बोलतात.’

शेतकरी काही खोटं बोलला नव्हता. दमलेल्या वाटसरूला लांबचा पल्ला सांगून त्याचे पाय गळू द्यायचे नाहीत, ही मावळातली माया. पण साहेबाला हे सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी साहेबाने साखळी धरणाऱ्या पोराला विचारलं, “या कड्यावरून खाली उतरायला वाट आहे का?”

पोरगा म्हणाला, “ठाऊक नाही.”

साहेब आधीच चिडलेला होता. तो पोरावर ओरडला आणि त्याला कामावरून काढून टाकलं. सगळ्या तळाने ते पाहिलं. त्या दिवसापासून तळावर कोणीही ‘ठाऊक नाही’ म्हटलं नाही.

मग एक मुकादम आला. तो भीमथडीकडचा, कोरड्या मुलखातला. पुण्याच्या लष्करात राहून थोडं इंग्रजी शिकलेला. पागोटं स्वच्छ, वागणं नम्र. साहेबाने काहीही विचारलं, की त्याच्याकडे उत्तर तयार असे. दगड कुठला चांगला? अमक्या खाणीतला. लाकूड कधी येईल? उद्या. साहेबाला हायसं वाटलं. या मुलखात विश्वासाचा एक तरी माणूस भेटला, असं त्याला वाटलं.

वैशाख संपत आला. सुरुंगाची दारू आणि चुनकळी ठेवायला कोठार बांधायचं होतं. एका ओढ्याच्या काठी चांगली सपाट जागा होती. ओढ्यात पायाचा घोटा बुडेल एवढंही पाणी नव्हतं. जवळ एक जुनी जांभूळ होती. तिच्या सावलीला बसून साहेब रोज नकाशे काढत असे.

“इथवर पाणी येतं का?” साहेबाने विचारलं.

“छे, साहेब. कधीच नाही,” मुकादम म्हणाला. मावळातला पाऊस त्याने एकदाही पाहिला नव्हता.

पलीकडे एक म्हातारा धनगर घोंगडी पांघरून गुरं राखत बसला होता. साहेबाला वाटलं, यालाही विचारावं. मुकादमाने विचारलं.

म्हातारा म्हणाला, “ह्या वढ्याचं मला ठावं न्हाई. माझी गुरं त्या टेपाडापतुर चरत्यात. हिकडलं ठाकराच्या म्हातारीला इचारा. तिचा जल्म गेलाय ह्या काठाला.”

मुकादमाने साहेबाला एवढंच सांगितलं, “त्याला माहीत नाही.” म्हातारीचं नाव त्याने काढलंच नाही. साहेब दुसऱ्या कोणाला विचारू लागला, तर आपली गरज काय उरणार, असं त्याला वाटलं.

साहेबाने मान झटकली. “जन्मभर इथे राहून याला एवढंही ठाऊक नाही!”

कोठार उभं राहिलं. दारूची पिंपं आली. चुनकळीची पोती आली.

मृग लागला. पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. आषाढातल्या एका रात्री डोंगराने गडगडाट केला. साहेब कंदील घेऊन धावला. ओढ्याचं पाणी कोठाराची भिंत पाडून आत घुसलं होतं. चुनकळीला पाणी लागलं होतं. त्या थंडगार पुरात चुना फसफसून उकळत होता आणि पाण्यातून पांढऱ्या वाफेचे लोट उठत होते. दारूची पिंपं एकेक करून अंधारात वाहून गेली. एका पहारेकऱ्याचे दोन्ही पाय चुन्याच्या पाण्याने भाजले.

सकाळी साहेबाने मुकादमाला बोलावलं. “तू म्हणालास, पाणी कधीच येत नाही.”

मुकादम खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “साहेब, एक पोरगा तुम्हाला ‘ठाऊक नाही’ म्हणाला होता. तुम्ही त्याचं काम काढून घेतलंत. मला घरी चार पोरं आहेत.”

साहेबाला रागवायचं होतं, पण शब्द फुटेना. भाजलेल्या माणसाला त्याने स्वतःच्या तंबूत आणलं. जखम बरी होईपर्यंत त्याला तिथेच ठेवलं.

पावसाने उघडीप दिली, तेव्हा साहेब एकटाच धनगराकडे गेला. आता त्याला मोडकंतोडकं मराठी येत होतं. तो म्हणाला, “बाबा, मला वाट दाखवा.”

म्हातारा उठला. साहेबाला घेऊन तो घळीतून, कारवीतून चालला. कुठे दगड निसटतो, कुठे जमीन आतून पोकळ आहे, ते काठीने ठोकून दाखवत होता. टेपाड आलं तसा तो थांबला.

“म्होरलं मला ठावं न्हाई,” असं म्हणून त्याने कानावर हात ठेवला आणि पलीकडच्या वाडीला लांब कुकारा दिला. थोड्या वेळाने ठाकराची म्हातारी वर आली.

ती साहेबाला त्याच जांभळीखाली घेऊन गेली आणि बोट वर करून म्हणाली, “बघ.”

झाडाच्या बेचक्यात गवत, काटक्या आणि एक मोडकं इरलं अडकलं होतं. वरचं गवत या सालचं होतं, अजून ओलं. त्याच्याखाली जुनं गवत होतं, उन्हाने पांढरं पडलेलं. ते कितीतरी सालांचं होतं. साहेबाने हात उंच केला, तरी बोटं तिथवर पोचली नाहीत. सबंध वैशाख तो याच झाडाखाली बसला होता. त्याने वर एकदाही पाहिलं नव्हतं.

म्हातारी त्याला पुढच्या खिंडीपर्यंत घेऊन गेली. तिथे तीही थांबली. “ह्याच्या पल्याड कोळ्याचा पोरगा जातो मधाला. त्येला घे.”

साहेबाने वहीचं नवं पान काढलं. त्यावर त्याने डोंगर काढले आणि कोणाला कुठून कुठवर ठाऊक आहे, तिथे खुणा केल्या. त्या खुणा जोडत जोडत सगळा उतार भरला. एवढं करून तो तळावर परतला आणि साखळी धरणाऱ्या त्या पोराच्या गावी त्याने निरोप धाडला. पोरगा पुन्हा कामावर आला. मुकादमालाही त्याने काढलं नाही. फक्त सर्वांना बोलावून सांगितलं, “ठाऊक नसेल तर तसं सांगा. कोणाचं काम जाणार नाही.”

पहिले काही दिवस कोणाचा विश्वास बसला नाही. मुकादमाला तर फारच जड गेलं. तोंडातून ‘हो साहेब’ आधी बाहेर पडे आणि मग तो जीभ चावे.

पण एके दिवशी तो कोणी न विचारता तंबूत आला. उभ्या उभ्या थरथरत होता. म्हणाला, “साहेब, कंत्राटदाराने ठरलेली मजुरी दिलेली नाही. माणसं उपाशी आहेत. मी इतके दिवस बोललो नाही.”

साहेबाने त्याच दिवशी घोड्यावर खोगीर चढवलं. वरच्या साहेबापुढे तो दोन दिवस बसून राहिला आणि पैसे घेऊनच परतला. १८५९ च्या जानेवारीत घाटाखाली कर्जतकडे मजुरीवरून मोठा दंगा झाला, मारामारी झाली. या साहेबाच्या तुकडीत त्या दिवशीही पहारी चालू होत्या.

काम सरत आलं, तेव्हा विलायतेहून एक नवा साहेब आला. तोही तरुण होता. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, “इथे विश्वास कोणावर ठेवायचा?”

जुना साहेब म्हणाला, “आपल्याला कुठवर ठाऊक आहे हे जो सांगतो, त्याच्यावर. आणि ते सांगायची त्याला भीती वाटणार नाही, असं तू वाग.”

सकाळी नवा साहेब मुकादमाबरोबर डोंगर पाहायला निघाला. एका खडकातून बारीक झरा वाहत होता. साहेबाने विचारलं, “याला उन्हाळ्यात पाणी टिकतं का?”

“ठाऊक नाही, साहेब,” मुकादम म्हणाला. “वरच्या वाडीत विचारायला हवं.”

“चल, मीही येतो,” नवा साहेब म्हणाला आणि दोघे चढण चढू लागले.