परक्या गाण्याला निवारा

जे गाणे आपल्याला रुचत नाही, ज्यातील मत आपले नाही, त्याच्या गायकाला मंदिराच्या आवारात जागा द्यावी काय? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी व तरुण संघाच्या पुढाऱ्यांनी याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या हैदराबादेपासून सुरुवात करू. १९३८ साली, निजामाच्या राज्यात, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थी ऐकेनात, तेव्हा शेकडो जणांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. त्या गीताविषयी आपल्या मंडळ्यांत मतभेद असतील. पण गाण्यापायी मुलांचे शिक्षण तोडणे अन्यायाचे होते आणि त्यांना दार उघडणे योग्य होते, याविषयी मतभेद नसावा.

पुढे असाच प्रसंग पूर्व जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर आला. तेथे समाजवादी पक्षाची एकहाती सत्ता होती. जाहीर कार्यक्रमात वाजवायचे तर सरकारी परवाना लागे. 'पंक' नावाचे कर्कश, संतापलेले संगीत वाजवणाऱ्या पोरांना तो कोण देणार? मात्र १९७८ साली सरकार व मंडळ्या यांच्यात समझोता झाला होता, त्यामुळे मंदिराच्या भिंतींआड थोडी मोकळीक होती. १९७९ पासून पाळक रायनर एपेलमान यांनी पूर्व बर्लिनमध्ये ब्लूज संगीतासह उपासना चालवल्या. १९८३ साली हाले शहरातील ख्रिस्त मंदिरात पंक वादकांचा मेळावा भरला. त्याच वर्षी 'नामेनलोस', म्हणजे 'निनावी', या गटातील तरुणांना गीतांतील शब्दांपायी तुरुंगात जावे लागले.

वडीलधाऱ्यांना हे पाहुणे जड गेले. ताठ उभे केस, फाटके कपडे, कानठळ्या बसवणारा गोंगाट. पुष्कळांचा देवावर विश्वासही नव्हता. मंडळ्यांतच कुरबुरी झाल्या.

कोणी म्हणेल, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे, त्याचे काय? कर द्यावा, कायदा पाळावा, हे खरेच. परंतु अमुक माणसाने तोंडच उघडू नये आणि त्याला कोणी थाराही देऊ नये, असे सत्ता म्हणू लागली, तर ती देवाचा अधिकार आपल्या हाती घेते. तोच पौल फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री सीलासह गात होता व बंदिवान ऐकत होते. शिष्यांना गप्प करा, असे परूश्यांनी म्हटले तेव्हा प्रभूनेही त्यांना गप्प केले नाही.

या निवाऱ्याची किंमतही मोजावी लागली. १९८९ साली ती राजवट कोसळली. पुढे गुप्त पोलिसांची दप्तरे उघडली, तेव्हा वादकांपैकीच काही जण खबरे होते असे आढळले. मग मंडळ्यांचे चुकले काय? आम्हांस तसे वाटत नाही. लायकी तपासूनच दार उघडायचे ठरवले, तर आपल्यापैकी कोण आत येऊ शकला असता?

अर्थात जागा देणे म्हणजे माना डोलावणे नव्हे. दुसऱ्याचा द्वेष पेटवणाऱ्या शब्दांना आपण स्पष्ट नकार द्यावा. परंतु उद्या तरुण संघातील एखादा मुलगा आपल्याला न समजणारे गाणे घेऊन आला, तर गिटार खाली ठेव असे म्हणण्यापूर्वी त्याला एवढे तरी विचारू या: बाळ, तुला राग कशाचा आला आहे?