रिकामी खुर्ची



ग्रुपवर राजकारण नको हा आपला नियम आहे, तो आम्ही मोडत नाही. पण परवा काचीगुड्याच्या सत्संगानंतर चहा घेताना पुण्याहून आलेल्या एका ताईंनी जे विचारलं ते मनातून जाईना.

पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी निवर्तले. कायदा सांगतो, जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. मुदत वर्षाहून कमी उरली असेल, किंवा आयोगाने केंद्राशी बोलून अडचण प्रमाणित केली, तरच सूट. इथे वर्षाहून जास्त काळ बाकी होता. आयोगाचं म्हणणं, यंत्रणा इतर निवडणुकांत गुंतलेली, आणि निवडून येणाऱ्याला मिळणार तरी किती दिवस? मुंबई उच्च न्यायालयाला ते पटलं नाही. १३ डिसेंबर २०२३ ला आदेश झाला, लगेच निवडणूक घ्या. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शेवटी पुणेकरांनी मत दिलं ते १३ मे २०२४ ला. आपणही हैदराबादेत त्याच दिवशी रांगेत उभे होतो!

ताई म्हणाल्या, "वर्षभर लोकसभेत आमचं कुणीच नव्हतं. पण नळाला पाणी येतच होतं. मग वाईट कशाचं वाटतं?"

कुणी म्हणालं, खर्च तर वाचला. तेही अगदीच खोटं नाही. पण आम्हाला खटकतं ते "थोडेच दिवस उरलेत" हे वाक्य. दिवस थोडे होते म्हणून काम राहिलं, की काम ठेवून दिलं म्हणून दिवस थोडे झाले? मार्चमध्ये तर ते भरपूर होते. आणि थोड्या दिवसांचं कर्तव्य थोडं, हे ठरवायचं कुणी? ज्याने करायचं त्यानेच?

हे आयोगाला विचारणं सोपं आहे हो. सुलतान बाजारातले आपले एक काका अंथरुणाला खिळले होते. दर गुरुवारी त्यांना पोथी वाचून दाखवायची सेवा आमच्याकडे होती. गेल्या वर्षी उत्सवाची गडबड सुरू झाली. आम्ही म्हटलं, एवढा उत्सव पार पडू दे, मग जाऊच. तीन गुरुवार गेले. चौथ्याच्या आधी काका गेले.

भेटायला गेलो तर काकूंनी एका शब्दानेही बोल लावला नाही. चहा ठेवला. म्हणाल्या, "गुरुवार आला की ते मला पलंगाजवळ खुर्ची मांडायला लावायचे."