पथ्य गर्भ राहण्याआधीचे



शास्ते ग्रंथाच्या १३व्या अध्यायात मानोहाच्या पत्नीची हकिकत आहे. तिला मूल नव्हते. देवदूताने तिला पुत्र होईल असे सांगितले आणि त्याच वेळी द्राक्षारस व मद्य वर्ज्य करण्यास बजावले. शमशोन देवाला वाहिलेला होणार होता, म्हणून हे पथ्य होते. पण एक गोष्ट आपण ध्यानात घेऊ या. पथ्य बाळासाठी, पाळायचे आईने, आणि तेही गर्भ राहण्याआधीपासून.

आज विज्ञानही वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचले आहे. अमेरिकेत १९७३ साली डॉ. जोन्स व डॉ. स्मिथ यांनी दारूच्या आहारी गेलेल्या मातांच्या मुलांत आढळणाऱ्या व्यंगांना एका विकाराचे नाव दिले. पुढे १९८१ साली कॅथलीन सुलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरिणींना केवळ सातव्या दिवशी अल्कोहोल दिले. तेवढ्यानेही गर्भातील पिलांचे डोळे, ओठ व मेंदू यांत तशीच व्यंगे दिसली. उंदराचा तो दिवस म्हणजे मानवी गर्भाचा साधारण तिसरा आठवडा. तेव्हा आईची पाळी नुकतीच चुकलेली असते. दिवस गेल्याचे पुष्कळींना ठाऊकही नसते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचतात. ते फूल देवाची देणगी आहे. पण मोहाची दारू असो की दुकानातली बीअर, गर्भाला दोन्ही अपायकारकच. अमुक घोट चालतील, असे सुरक्षित प्रमाण वैद्यकशास्त्राला सापडलेले नाही.

म्हणून मूल हवे असलेल्या भगिनीने आधीच दारू वर्ज्य करावी. मात्र सारा भार तिच्या एकटीवर टाकून आपण मोकळे होऊ नये. मानोहाने स्वतः प्रार्थना करून आपले कर्तव्य विचारले होते. पतीने घरात बाटली आणू नये. लग्नाच्या वा बाप्तिस्म्याच्या जेवणात कुणी आग्रह करू नये. नकळत घेतली गेली असेल, तर तिने घाबरू नये, लपवूही नये. आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे व थांबावे. थांबण्याचा लाभ केव्हाही होतो. रोजची सवय जडली असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. आणि एखादे बाळ व्यंग घेऊन जन्मले, तर आईकडे बोट न दाखवता आपण त्या घराला हात देऊ या.

प्रभू येशूला उदरात वाढविणारी पवित्र मरियामाता आपल्या प्रत्येक घरातील मातेसाठी विनंती करो. आमेन.