धुऱ्यावर फेकलेली १२० ग्रॅम सरकी

कपाशीची बॅग फोडायची, सरकी काढायची आणि रिकामं प्लास्टिक धुऱ्यावर टाकायचं. यवतमाळकडे पेरणीची सुरुवात अशीच होते. माझ्या लहानपणी त्या प्लास्टिकसोबत बॅगेतली एक छोटी पुडीही जायची, न फोडताच. एकदा बाबांना विचारलं, "हे काऊन फेकता?"

"नॉन-बीटी हाय ते. त्याले अळी लागते," म्हणाले आणि पुढच्या तासाला लागले.

पुडीचा अर्थ मला फार उशिरा कळला. २००२ मध्ये बीटी कापूस आला, तेव्हापासून नियम होता: ४५० ग्रॅम बीटी सरकीसोबत १२० ग्रॅम साधी सरकी, आणि ती शेताच्या कडेने लावायची. किमान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. बीटीला पुरून उरलेल्या मोजक्या पतंगांना साध्या पऱ्हाटीवर वाढलेले पतंग जोडीदार मिळावेत, म्हणजे पुढची पिढी बीटीने मरणारीच निघेल, असा हिशोब. थोडक्यात, ती पुडी अळीसाठी राखलेला वाटा होती.

गावोगाव तो वाटा धुऱ्यावर गेला. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात तिने बोंडं पोखरली आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. याला एक पुडी कारण नव्हती. फरदडीसाठी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवलेली पऱ्हाटीही अळीला पोसत होती. पण पुडीचाही हात होताच.

मग दोष कोणाचा? बरीच वर्षं मी तो बाबांना दिला. आता देववत नाही. कोरडवाहू शेत, डोक्यावर कर्ज, आणि पाचवा हिस्सा अळीला सोडायचा. तोटा एकट्याचा, फायदा सगळ्या शिवाराचा. शेजाऱ्याने पुडी फेकली तर आपला वाटाही वाया. पॅकेटने बाबांकडून त्याग मागितला, त्याचं कारण बारीक अक्षरात छापलं आणि तो टाळायची सोयही वेगळ्या पुडीच्या रूपात हातात दिली.

नंतर पॅकेटच बदललं. आता ४७५ ग्रॅमची एकच बॅग येते. साधी सरकी, पाच ते दहा टक्के, आतच मिसळलेली. एक पुडी कमी, तेवढं प्लास्टिक कमी, आणि फेकायला वेगळं काही उरलंच नाही. इतकी वर्षं उपदेशाने जे झालं नाही, ते दोन पुड्यांची एक केल्याने झालं.

यावर दोन आक्षेप आहेत. पहिला शास्त्राचा: अळी एका झाडावरून शेजारच्या झाडावर सरकते, त्यामुळे मिसळलेली सरकी वेगळ्या ओळींइतकी कामाची नाही. शिवाय हा बदल आला तोवर गुलाबी अळी हाताबाहेर गेली होती. दुसरा नीतीचा: माणसाला चुकायची जागाच ठेवली नाही, तर त्याच्या चांगुलपणाला काय अर्थ? मला वाटतं, चांगुलपणा मागायचा तर तो परवडेल असा मागावा. ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्यावर सगळ्यांचं भलं सोपवायचं आणि जमलं नाही की त्याला अडाणी म्हणायचं, ही नीती नव्हे. बिस्किटाच्या पुड्यावर 'कचरा कुंडीत टाका' छापतात, तेव्हाही हेच चालतं. पुडा कसा असावा हे ठरवणारा मोकळा, तो फेकणारा गुन्हेगार.

२०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आमच्या धुऱ्यापर्यंत मात्र अजून कोणी आलेलं नाही. बॅगा आम्ही जाळतो.

पण साधं करणं म्हणजे लपवणंही नव्हे. यंदा पेरणीच्या आधी मी बाबांना बॅगेत काय मिसळलंय आणि ती जुनी पुडी कशासाठी होती, ते सांगितलं. ते बराच वेळ हातातल्या सरकीकडे पाहत राहिले.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं कोनं?"