मान कोणत्या वहीत लिहितात?



जून २०२५ मध्ये नोएडातील एका वृद्धाश्रमावर उत्तर प्रदेश राज्य महिला आयोगाच्या पथकाने छापा घातला. हात बांधलेल्या वृद्धेची चित्रफीत पसरल्यामुळे हे घडले. तेथे ३९ वृद्ध दयनीय अवस्थेत सापडले. आपण हळहळलो. पण बांधलेले हात चित्रफितीत दिसतात. दार उघडे ठेवून घातलेली आंघोळ, नावाऐवजी खाटेच्या नंबराने मारलेली हाक, ओल्या अंथरुणावरून चारचौघांत काढलेले शब्द कोठे दिसणार? अशा तक्रारीची चौकशी करायची तरी कशी?

बहुधा वह्या तपासल्या जातात. धान्य, औषधे, चादरी, सह्या सारे जागेवर असते. मग व्यवस्थापकासमोरच विचारले जाते, "बाबा, काही त्रास आहे का?" बाबा "नाही" म्हणतात. चौकशी करणारे संध्याकाळी घरी जातात. बाबांना रात्रीचे पाणी त्याच हातून घ्यायचे असते. परावलंबी माणसाचे मौन म्हणजे संमती नव्हे.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ वृद्धाश्रमांच्या दर्जाविषयी बोलते. त्यात वैद्यकीय सेवा आहे, मनोरंजनही आहे. पण मान कोणत्या रकान्यात भरणार? तत्त्वज्ञ कांट यांचा विचार असा, की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते, माणसाच्या जागी नाही. म्हणून एकही नियम मोडलेला नसताना तक्रार खरी असू शकते. चौथी आज्ञादेखील आईवडिलांना मान द्यायला सांगते, नुसते पोसायला नव्हे.

मात्र रात्रपाळीत एकटीने अनेकांना उचलणाऱ्या मावशींचे न ऐकता त्यांना दोषी ठरवणे हाही अन्यायच. कधी कधी खरा दोष माणसे कमी नेमणाऱ्याचा असतो. चौकशी तिथपर्यंत पोचली पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतली मुले पुण्या-मुंबईला आहेत. हा प्रश्न उद्या आपल्याच दारी येईल. तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी देता येते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी २०२१ पासून आहे. पण त्याआधीचे काम आपले. वृद्धाश्रमात आपण फळे वाटतो, फोटो काढतो आणि निघतो. पुढच्या वेळी एकेकाजवळ निवांत बसू या. इतर कोणी जवळ नसताना हळूच विचारू या, "आंघोळ कोण घालतं? दार लावतात ना?" आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबू या.