खरं बोलायचे मार्क नसतात

"खरं बोलायचे मार्क नसतात." ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये सरांनी पहिल्याच दिवशी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आम्ही सगळे हसलो. वर्गात निम्म्या नर्सेस होत्या, बाकी इंजिनिअर. सरांनी पुढे समजावलं, "समजा विचारलं, तुमचा आवडता प्रवास सांगा. तुम्ही कुठेच गेला नसाल, तरी गेलात म्हणून सांगा. कुणी तिकीट बघायला येणार नाही."

सर चुकीचं सांगत नव्हते. आयेल्ट्समधली बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. मधल्या भागात एक कार्ड हातात देतात. विचार करायला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. परीक्षक चार गोष्टी मोजतो: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. खरेपणा हा रकानाच त्या कागदावर नाही.

मी ठाण्यात एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला बोलणं, ऐकणं आणि वाचन या तिन्हींत ७ लागतात, लिखाणात साडेसहा चालतात. म्हणजे माझं पुढचं आयुष्य त्या एका आकड्याच्या पलीकडे उभं होतं.

मला कार्ड आलं ते असं: तुम्हाला जिच्याबद्दल आदर वाटतो अशा घरातल्या व्यक्तीविषयी बोला.

माझी आई डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे साडेचारला कणीक भिजवते, सातच्या आत दीडशे पोळ्या होतात, कारण गिऱ्हाइकांना डबा घेऊन लोकल पकडायची असते. बाबा गेल्यावर तिने हे सुरू केलं. माझं नर्सिंग त्यावर झालं. या परीक्षेची फीसुद्धा तिने भिशी उचलून भरली होती. त्या एका मिनिटात मला ती आठवली नाही असं नाही. सगळ्यात आधी तीच आठवली.

पण मी बोलले माझ्या मावशीबद्दल. कोकणातल्या खेड्यात शाळेची मुख्याध्यापिका, मुलींसाठी वाचनालय काढणारी, झाडं लावणारी मावशी. मला मावशीच नाही. सरांनी आमच्याकडून अशी एक व्यक्ती तयार करून घेतली होती. शिक्षण, पर्यावरण, प्रेरणा, लहानपणची आठवण, कोणतंही कार्ड आलं तरी तिला बसवता यायचं. मी दोन मिनिटं न अडखळता बोलले. परीक्षक मान डोलावत होते. निकाल आला तेव्हा बोलण्यात बरोब्बर ७ होते.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर आई पीठ चाळत होती. "काय विचारलं गं?"

"घरातल्या माणसाबद्दल बोला म्हणाले."

"मग?"

"तुझ्याबद्दल बोलले."

ती काही बोलली नाही, फक्त चाळणी जरा हळू हलायला लागली. दुसऱ्या दिवशी भाजी न्यायला आलेल्या जोशीकाकूंना ती सांगत होती, "हिने साहेबासमोर इंग्रजीत माझं नाव काढलं."

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. त्या दिवशी मी खोटं कुठे बोलले, परीक्षेत की स्वयंपाकघरात?

खोटं बोलणं म्हणजे फक्त घडलं नाही ते सांगणं नव्हे. तसं असतं तर प्रत्येक नट रोज खोटं बोलतो असं म्हणावं लागेल. ऐकणारा आपल्या शब्दावर विसंबून आहे हे माहीत असताना त्याला चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवायला लावणं, हे खोटं. अश्वत्थाम्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मराजाने शब्द खरे वापरले, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता. पण द्रोणाचार्य त्याच्या शब्दावर विसंबले होते, म्हणून त्याचा रथ जमिनीला टेकला. माझं बरोबर उलटं झालं. परीक्षेत माझे शब्द खोटे होते, पण परीक्षक त्या मावशीवर विसंबलेच नव्हते. ते क्रियापदं मोजत होते. मावशी असली काय नि नसली काय, त्यांचं काही बिघडत नव्हतं.

माझ्या मैत्रिणीने आयेल्ट्सऐवजी ओईटी दिली. ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची परीक्षा. त्यात समोरचा माणूस पेशंट होतो आणि आपण नर्सचं काम करून दाखवायचं. तिथे नाटक आहे हे दोघांनाही माहीत असतं आणि कुणाला अपराधी वाटत नाही. आयेल्ट्समध्येही तसाच एक न बोललेला करार आहे असं म्हणता येईल. तेवढ्यापुरती मी निर्दोष.

तरी मन मानत नव्हतं. मी आईला का बाजूला ठेवलं? पहिलं कारण शब्दांचं होतं. कणीक, लाटणं यांना इंग्रजी शब्द मला येतात. पण पोळीला पदर सुटणं, नुसत्या हाताने कणकेचा सैलपणा ओळखणं, उधारीवाल्याला न दुखवता पैसे मागणं, हे सगळं माझ्यात मराठीतच साठलेलं आहे. ते इंग्रजीत आणताना मी अडखळले असते. मावशीचं तसं नव्हतं. ती मुळात मला येणाऱ्या इंग्रजी शब्दांचीच बनवलेली होती, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना एकही शब्द कमी पडला नाही. ओघाला मार्क असतात तेव्हा हे होणारच. खरं बोलताना माणूस थांबतो, शब्द शोधतो, मागे जातो.

वॉर्डात मी हे रोज बघते. "दारू किती घेता?" विचारल्यावर "कधीतरी, लग्नाकार्यात" हे उत्तर झटकन येतं. ज्याला खरं सांगायचं असतं तो आधी पायाकडे बघतो, मग बायकोकडे, मग म्हणतो, "सिस्टर, तसं बघायला गेलं तर..." मी अशा वेळी घाई करत नाही. अडखळणाऱ्या माणसाला वेळ द्यायचा, हे माझ्या कामातलं एक मोठं कौशल्य आहे. आणि ज्या परीक्षेने मला तेच काम करायला परदेशी जाता येणार, तिच्यात अडखळले तर माझे मार्क गेले असते.

दुसरं कारण सांगायला जड आहे. एखादी मुलगी म्हणू शकते, माझ्या आईचे कष्ट मी दोन मिनिटांत एका अनोळखी माणसाला का विकू? तो तिचा हक्क आहे. खासगी गोष्ट झाकायला रचलेली गोष्ट मला खोटी वाटत नाही, ती पडद्यासारखी वाटते. पण मी पडदा त्यासाठी ओढला नव्हता. मला वाटलं होतं, पोळ्या लाटणाऱ्या बाईची मुलगी सातची वाटणार नाही, मुख्याध्यापिकेची भाची वाटेल. पडदा तोच, फक्त माझा तो लाजेने ओढलेला होता.

डोंबिवलीहून दोन स्टेशनं पुढे कल्याण. १८६५ साली तिथे आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्यांच्या शिक्षणासाठी पती गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली. उत्तर आलं, ख्रिस्ती व्हाल तर मदत मिळेल. वरवर हो म्हणून जहाजात बसणं अशक्य नव्हतं. पण ते दोघं हो म्हणाले नाहीत. हा पत्रव्यवहार मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आला. तो न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या कार्पेंटरबाईंनी वाचला आणि मदतीचा हात तिथून आला. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालातल्या सेरामपूरला आनंदीबाई भर सभेत इंग्रजीत बोलल्या. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे त्यांनी तिथे सांगून टाकलं. अमेरिकेत पोचल्यावर फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या जातीचा आणि आप्तांचा विरोध त्यांनी लपवला नाही. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, हेही लिहिलं. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. इंग्रजी नवऱ्याने घरी शिकवलेली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या.

त्यांच्यासमोर बसलेले लोक त्यांच्या शब्दांवर विसंबणार होते, माझे परीक्षक विसंबणार नव्हते. हा फरक मी विसरत नाही. पण परक्या भाषेत घरचं खरं सांगताच येत नाही, ही माझी सबब मात्र त्यांच्या पत्रापुढे टिकत नाही.

सरांच्या वाक्यात धोका आहे तो पुढे. परीक्षेनंतर अर्ज येतो, मग नोकरीची मुलाखत. तिथे समोरचा विसंबून असतो. 'तुम्ही एखादी चूक कशी सुधारलीत?' या प्रश्नाला मी पुन्हा मावशीसारखी एखादी चूक बनवून सांगितली, तर ज्या वॉर्डात मला घेतील तिथल्या पेशंटच्या जिवाशी तो खेळ होईल. खोट्याचा सराव झालेली जीभ करार कुठे संपला हे ओळखत नाही. माझी तर तीन तासांत घसरली. परीक्षेच्या खोलीतून निघाली आणि थेट आईसमोर खोटं बोलून मोकळी झाली, तेही मराठीत. तिथे शब्द कमी पडायचा प्रश्नच नव्हता.

गेल्या आठवड्यात दुकान बंद करताना मी आईला सगळं सांगितलं. मावशीचं वाचनालय, झाडं, सगळं. सांगताना चारदा अडखळले.

तिने तवा घासत ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्याबद्दल बोलली असतीस तर किती मिळाले असते?"

"साडेसहा कदाचित."

"आणि लागत होते सात."

"हो."

"मग बरं केलंस," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "पण मला येऊन तसं सांगायला नको होतंस. मी जोशीकाकूंना सांगून बसले."

दुसऱ्या दिवशी जोशीकाकू भाजी न्यायला आल्या तेव्हा मी मुद्दाम दुकानात थांबले. त्यांना खरं काय ते मीच सांगितलं. आई शेजारी पोळ्या मोजत होती, तिने मान वर केली नाही. मोजणी मात्र तिला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.